ईएसए लेटर: थेरपिस्टकडून पत्र कसं घ्यायचं आणि घरमालकापुढे ते कशावर टिकतं

अमेरिकेत भाड्याचं घर शोधताना लीजमध्ये ‘नो पेट्स’ हे कलम वारंवार आडवं येतं. घरात मांजर किंवा कुत्रा असलेला माणूस मग इंटरनेटवर शोधाशोध करतो आणि पाच मिनिटांत जाहिरात समोर येते: दीडशे डॉलर भरा, प्रश्नावली भरा, उद्या सकाळी ईएसएचं, म्हणजे मानसिक आजारात सोबतीने आधार देणाऱ्या ‘इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल’चं पत्र ईमेलमध्ये. सोबत कुत्र्याचं ओळखपत्र, अंगात घालायचं लाल जॅकेट आणि ‘राष्ट्रीय नोंदणी’चा क्रमांक. यातल्या ओळखपत्राला, जॅकेटला आणि नोंदणीला कायद्यात काडीची किंमत नाही. अशा प्राण्यांची सरकारी नोंदवही अमेरिकेत अस्तित्वातच नाही. किंमत आहे ती पत्राला, आणि तीही ते कोणी आणि कशाच्या आधारावर लिहिलं यावर ठरते.

या पत्राचा कायदेशीर पाया म्हणजे घर देताना भेदभाव करायला बंदी घालणारा १९६८चा ‘फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट’. १९८८ मध्ये त्यात दिव्यांग व्यक्तींचा समावेश झाला. तेव्हापासून घरमालक, अपार्टमेंट कंपनी, कॉन्डो असोसिएशन अशा सगळ्यांवर एक बंधन आहे: दिव्यांगत्वामुळे एखाद्याला नियमात सवलत लागत असेल आणि ती वाजवी असेल, तर ती द्यायची. चालायला त्रास होणाऱ्या भाडेकरूला दाराजवळची पार्किंगची जागा राखून देणं ही अशी एक सवलत. ‘नो पेट्स’ इमारतीत मांजर ठेवू देणं ही दुसरी. थेरपिस्टच्या पत्राने दोनच गोष्टी सांगायच्या असतात. एक, या व्यक्तीला कायद्याच्या अर्थाने दिव्यांगत्व आहे. दोन, या प्राण्यामुळे त्या आजाराचा त्रास कमी होतो. कुत्रा गोड आहे, शिकवलेला आहे, कुणाला चावत नाही, हे थेरपिस्टला माहीत असण्याचं कारण नाही, आणि शहाणा थेरपिस्ट ते लिहीतही नाही.

निदान असणं पुरेसं नाही

चिंता, नैराश्य, पॅनिक, पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर राहणारा ताणाचा आजार), ओसीडी (मंत्रचळ) हे दिव्यांगत्वात बसू शकतं, हे आपल्या घरांतून अजून पचनी पडलेलं नाही. भारताच्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही मानसिक आजाराचा समावेश आहे, तरी नातेवाइकांत असा शब्द काढायची सोय नसते. अमेरिकी कायद्याची कसोटी आजाराच्या नावावर थांबत नाही. जगण्यातलं एखादं मोठं काम त्या आजारामुळे ठळकपणे अडलं पाहिजे: झोप, जेवणखाण, एकाग्रता, कामावर जाणं, माणसांत मिसळणं, स्वतःची काळजी घेणं.

‘घरची आठवण येते, एकटं वाटतं, मांजर मांडीवर असली की बरं वाटतं’ हे खरं असेल, पण एवढ्यावर पत्र मिळू नये. मांजर जवळ असली की बरं कुणालाही वाटतं. त्याउलट ‘रात्री तीनला पॅनिक अटॅक येतो, मग झोप लागत नाही, महिन्यातून तीन-चार दिवस कामावर जाता येत नाही; मांजर छातीशी घेतली की श्वास लवकर ताळ्यावर येतो आणि पुन्हा झोप लागते’ यात आजार, त्यामुळे अडलेलं काम आणि प्राण्याचा उपयोग या तिन्ही कड्या जुळतात. थेरपिस्ट नेमकी ही साखळी शोधत असतो. ती तुमच्या बोलण्यात आणि त्याच्या नोंदींत दिसली, तर पत्र लिहायला त्याला अर्धा तास पुरतो. ती नसेल तर तीन महिने मागे लागूनही उपयोग नाही.

व्हिसाची काळजी बऱ्याच जणांना असते. फेअर हाउसिंग कायदा नागरिकत्व विचारत नाही. एफ-१ वर आलेला विद्यार्थी, एच-१बी वरचा इंजिनिअर आणि त्याची एच-४ वरची पत्नी या सगळ्यांना तो सारखाच लागू आहे.

पत्र कुठे चालतं, कुठे नाही

गोंधळ होतो तो ‘सर्व्हिस डॉग’ आणि ईएसए यांत. सर्व्हिस डॉग एखादं ठरावीक काम शिकलेला असतो: अंध व्यक्तीला वाट दाखवणं, फीट येण्याआधी सावध करणं, पीटीएसडीच्या रुग्णाला दुःस्वप्नातून जागं करणं. १९९० च्या ‘अमेरिकन्स विथ डिसअ‍ॅबिलिटीज अ‍ॅक्ट’खाली त्याला दुकानात, हॉटेलात, दवाखान्यात नेता येतं. ईएसए कसलंही शिक्षण न घेता नुसत्या असण्याने आधार देतो. त्याला हा कायदा लागू नाही. त्यामुळे पटेल ब्रदर्ससारख्या किराणा दुकानात, रेस्टॉरंटमध्ये किंवा ऑफिसात पत्र दाखवून कुत्रा आत नेता येत नाही. ऑफिसात मालकाकडे सवलत मागता येते, पण तो वेगळा अर्ज आणि तिथे होकार मिळेलच असं नाही. रुग्णालयात रुग्णांना भेटायला आणतात तो ‘थेरपी डॉग’ हा तर तिसराच प्रकार. त्याला घराबाबत काही हक्क नाहीत.

विमानाचं दार २०२१ मध्ये बंद झालं. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने नियम बदलला आणि जानेवारी २०२१ पासून विमान कंपन्यांवर ईएसए स्वीकारण्याचं बंधन उरलं नाही. त्याआधी केबिनमध्ये डुक्कर आणि मोर घेऊन येणाऱ्या प्रवाशांच्या बातम्या येत, त्याचा हा परिणाम. आता ईएसए म्हणजे साधा पाळीव प्राणी: सीटखाली मावणारा पिंजरा, एका बाजूच्या प्रवासाला साधारण शंभर-दीडशे डॉलर शुल्क, आणि मोठा कुत्रा असेल तर केबिनमध्ये जागाच नाही. जी वेबसाइट आजही ‘विमानप्रवासासाठी ईएसए लेटर’ विकते ती बाकी काय विकत असेल याचा अंदाज करावा.

राहतं घर एवढीच या पत्राची हद्द आहे. पण घराच्या बाबतीत त्याचा जोर चांगला आहे. सवलत मंजूर झाली की घरमालकाला पेट डिपॉझिट, पेट फी किंवा महिन्याचं पेट रेंट घेता येत नाही. महिना पन्नास डॉलर पेट रेंट आणि तीनशे डॉलर डिपॉझिट धरलं तर वर्षाचे नऊशे डॉलर वाचतात, आणि खोटी पत्रं विकणाऱ्यांचा धंदा याच आकड्यावर चालतो. ‘अमुक पौंडांपेक्षा मोठा कुत्रा नको’, ‘पिटबुल जातीचा नको’ हे इमारतीचे नियमही ईएसएला सरसकट लावता येत नाहीत. मात्र प्राण्याने कार्पेट फाडलं, दार कुरतडलं, तर नुकसानभरपाई भाडेकरूनेच द्यायची. रात्रभर भुंकणं, घाण न उचलणं, मोकळं सोडणं यांवरून नोटीस येऊ शकते, आणि तिथे पत्र ढाल म्हणून चालत नाही.

पत्र कोणी लिहायचं

परवानाधारक मानसशास्त्रज्ञ, मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सोशल वर्कर, प्रोफेशनल काउन्सेलर, मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट यांपैकी कुणीही. नेहमीचे फॅमिली डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर तुमच्या नैराश्यावर औषध देत असतील तर त्यांचं पत्रही चालतं, आणि पुष्कळदा तेच सोपं पडतं, कारण वर्षा-दोन वर्षांच्या नोंदी त्यांच्याकडे आधीच असतात. लाइफ कोच, योगशिक्षक, प्राण्याचा डॉक्टर यांची पत्रं निरुपयोगी.

परवाना कुठल्या राज्याचा हे महत्त्वाचं आहे. सर्वसाधारणपणे थेरपिस्टकडे रुग्ण ज्या राज्यात बसला आहे त्या राज्याचा परवाना लागतो, ऑनलाइन सेशन असलं तरी. न्यू जर्सीहून टेक्सासला नोकरी बदलून गेलात तर जुना थेरपिस्ट तुमच्याशी बोलणं चालू ठेवू शकतो का, हे आधी विचारावं. इथेच पुण्या-मुंबईच्या थेरपिस्टचा प्रश्न येतो. मराठीतून बोलता यावं म्हणून अनेक जण भारतातल्या समुपदेशकाशी व्हिडिओवर बोलत असतात, आणि ते समजण्यासारखंच आहे. ‘जीव घाबरा होतो’ हे इंग्रजीत सांगताना निम्मं हरवतं. पण त्यांच्या पत्रावर अमेरिकी घरमालकाला पडताळता येईल असा परवाना नसतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तर असं पत्र बसतच नाही. फ्लोरिडात परराज्यातल्या तज्ज्ञाने निदान एकदा तरी समोरासमोर तपासलेलं असावं लागतं.

त्यांचा उपयोग वेगळा करून घ्यावा. भारतातल्या डॉक्टरांकडून एक पानी इंग्रजी सारांश मागवा: कधीपासून उपचार, निदान, औषधं, किती सेशन झाली, त्यांचा नोंदणी क्रमांक. अमेरिकेतल्या नव्या थेरपिस्टच्या हाती तो पहिल्याच भेटीत दिला की मागचा सगळा इतिहास पुन्हा सांगण्यात सेशन खर्ची पडत नाहीत.

तीस दिवसांचा नियम

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२२ पासून ‘एबी ४६८’ हा कायदा लागू आहे. कुत्रा ईएसए आहे असं पत्र देण्यापूर्वी थेरपिस्टचं तुमच्याशी किमान ३० दिवसांचं उपचाराचं नातं असलं पाहिजे, त्याने प्राण्याच्या गरजेबाबत रीतसर मूल्यमापन केलं पाहिजे, आणि पत्रात परवान्याचा प्रकार, क्रमांक, राज्य आणि तो कधीपासून लागू आहे हे लिहिलं पाहिजे. साध्या कुत्र्याला सर्व्हिस डॉग म्हणून खपवणं हा गुन्हा आहे, अशी समजही रुग्णाला द्यावी लागते. आर्कान्सा, आयोवा, लुइझियाना आणि मोंटाना या राज्यांतही तीस दिवसांची अट आहे. फ्लोरिडात २०२० पासून खोटी माहिती देऊन ईएसए मिळवणं हा फौजदारी गुन्हा ठरतो.

यातून वेळापत्रक बांधून घ्या. १ ऑगस्टला लीज सुरू व्हायचं असेल आणि थेरपिस्ट अजून मिळालेला नसेल, तर मे महिना उजाडण्याआधी सुरुवात करावी. इन्शुरन्सच्या यादीतल्या थेरपिस्टची पहिली वेळ मिळायलाच तीन ते सहा आठवडे जातात. मग तीस दिवस, त्यात दोन ते चार सेशन. मग पत्र लिहायला आठवडाभर आणि घरमालकाच्या उत्तराला दहा दिवस. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ सुरू करणारेच त्या दीडशे डॉलरच्या जाळ्यात सापडतात.

थेरपिस्टकडे विषय कसा काढायचा

पहिल्याच फोनवर स्पष्ट विचारा: ‘गरज पटली तर तुम्ही ईएसएचं पत्र देता का?’ पुष्कळ थेरपिस्ट तत्त्व म्हणून देत नाहीत, आणि विद्यापीठांची अनेक समुपदेशन केंद्रंही देत नाहीत. हा आकस नसतो. थेरपिस्टचं काम तुमच्या बाजूने उभं राहण्याचं. दिव्यांगत्व आहे की नाही हे तिसऱ्या पक्षाला लिहून देणं म्हणजे परीक्षकाचं काम. दोन्ही एकाच माणसाने केलं की नात्यात ताण येतो, आणि उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर उलटतपासणी थेरपिस्टची होते. शिवाय ईएसएच्या परिणामांवर ठोस संशोधन अजून तोकडंच आहे, हेही त्यांच्या मनात असतं. चार सेशनचे पैसे भरल्यावर नकार कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा.

दुसरीकडे, पहिल्या सेशनमध्ये ‘मला फक्त पत्र हवंय’ असं म्हणणंही अंगाशी येतं. असं वाक्य नोंदीत जातं आणि पुढे लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर त्याची सावली पडते. खरं असेल ते क्रमाने सांगा: त्रास काय, कधीपासून, कशात अडतं, आजवर काय केलं, प्राणी असताना काय फरक पडतो, नसताना काय होतं. दोन आठवड्यांची साधी टिपणवही उपयोगी पडते: झोप किती तास, अटॅक कधी, किती वेळ टिकला, प्राणी जवळ होता का. ‘ती नसली की मला सुधरत नाही’ यापेक्षा अशा आठ ओळी थेरपिस्टला जास्त कामाच्या.

थेरपिस्ट उलट काय विचारेल याचीही तयारी हवी. प्राणी आधीपासून आहे की आणणार आहात? तुम्ही आठवडाभर अंथरुणातून उठू शकला नाहीत तर त्याला खायला कोण घालेल? खर्च झेपेल का? दहा तास ऑफिसात असाल तेव्हा कुत्रा काय करेल? घरात कुणाला अ‍ॅलर्जी? प्राण्यामुळे बाहेर पडणं आणखी कमी होईल का? शेवटचा प्रश्न बारकाईचा आहे. सामाजिक भीतीच्या आजारात प्राणी हे माणसं टाळण्याचं निमित्त ठरू शकतो, आणि अशा वेळी चांगला थेरपिस्ट पत्र देत नाही. तो नकार उपचाराचाच भाग असतो. दुसरा थेरपिस्ट शोधण्याआधी त्यावर एक सेशन घालवावं.

खर्च: इन्शुरन्स असेल तर सेशनचा को-पे (आपण भरायचा वाटा), नसेल तर साधारण शंभर ते अडीचशे डॉलर प्रति सेशन. पत्राचे वेगळे पैसे काही जण घेतात, काही नाही; इन्शुरन्स ते देत नाही. नोकरीच्या ठिकाणी ‘एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम’ असेल तर काही सेशन फुकट मिळतात, पण त्यातले समुपदेशक बहुधा अशी पत्रं देत नाहीत. विचारून घ्या.

चांगल्या पत्रात काय असतं

एक पान. थेरपिस्टच्या लेटरहेडवर, तारीख, सही, परवान्याचा प्रकार, क्रमांक, राज्य, पडताळणीसाठी फोन किंवा ईमेल. मजकुराचा गाभा मराठीत सांगायचा तर असा:

‘अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्याकडे उपचार घेत आहेत. फेअर हाउसिंग कायद्याच्या अर्थाने त्यांना मानसिक आरोग्याशी संबंधित दिव्यांगत्व आहे. त्यामुळे त्यांच्या जीवनातल्या एक किंवा अधिक प्रमुख क्रियांवर लक्षणीय मर्यादा येते. माझ्या व्यावसायिक मतानुसार एक मांजर सोबत असल्याने त्यांच्या आजाराची लक्षणं कमी होतात आणि घराचा पूर्ण उपयोग त्यांना करता येतो. म्हणून प्राण्याविषयीच्या नियमात त्यांना सवलत मिळावी अशी शिफारस मी करतो.’

एवढंच. आजाराचं नाव, औषधं, सेशनमधलं काहीही यात नसतं आणि नसावं. ‘मांजर असणं त्यांना आवडेल’ किंवा ‘फायद्याचं ठरू शकेल’ अशी मऊ वाक्यं मात्र पत्र पाडतात. लक्षणं कमी होतात हा संबंध थेट लिहिलेला हवा. पत्राखाली सही करणाऱ्याने उपचाराचं नातं कधीपासून आहे हे लिहिलं नसेल, तर घरमालकाची पहिली शंका तिथेच येते. दोन प्राणी असतील तर दोघांची गरज स्वतंत्रपणे मांडावी लागते. एकाच वाक्यात ‘दोन कुत्रे आणि एक पोपट’ लिहिलेलं पत्र कुणालाच पटत नाही.

कुत्रा, मांजर, छोटा पक्षी, ससा, हॅमस्टर, मासा, कासव हे घरगुती प्राणी म्हणून सहज धरले जातात. साप, सरडा, कोंबडी, माकड यांसाठी नेमका हाच प्राणी का, हे थेरपिस्टला वेगळं पटवून द्यावं लागतं, आणि ते क्वचितच जमतं.

पत्राची मुदत केंद्राच्या कायद्यात कुठेही ठरवलेली नाही. तरी लीज नवं करताना वर्षाच्या आतलं पत्र बरेच घरमालक मागतात. थेरपी चालू असेल तर तारीख बदलून घेणं अवघड नसतं. थेरपी सोडून दोन वर्षं झाली असतील तर जुना थेरपिस्ट नवी तारीख घालणार नाही, आणि घालूही नये.

वेबसाइटवरची पत्रं

ऑनलाइन म्हणजे खोटं असा सरसकट अर्थ नाही. परवानाधारक तज्ज्ञाने व्हिडिओवरून खरोखर उपचार केले आणि पत्र दिलं तर ते चालतं. केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने, म्हणजे हडने, जानेवारी २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत हा फरक केला होता: प्रश्नावली आणि छोटी मुलाखत घेऊन पैसे देईल त्याला प्रमाणपत्र विकणाऱ्या साइटचा कागद पुरेसा पुरावा नाही, दूरस्थ पद्धतीने खरे उपचार देणाऱ्या तज्ज्ञाचं पत्र मात्र विश्वासार्ह असू शकतं. ती मार्गदर्शिका खात्याने २०२५ मध्ये मागे घेतली. अर्जात आधार द्यायचा तो कायद्याचाच.

ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. बोलण्याआधीच ‘मंजुरीची हमी’. चोवीस तासांत पत्र. ‘नोंदणी’ किंवा प्राण्याचं प्रमाणपत्र. सही करणाऱ्याचं नाव पैसे भरेपर्यंत गुप्त. परवाना वेगळ्याच राज्याचा. प्रत्येक राज्याच्या लायसन्सिंग बोर्डाच्या संकेतस्थळावर नाव टाकून परवाना चालू आहे का हे दोन मिनिटांत पाहता येतं. लीजिंग ऑफिसची माणसंही तेच करतात, आणि त्याच चार-पाच साइटची पत्रं पाहून पाहून त्यांना लेटरहेड पाठ झालेली असतात.

घरमालकाला देताना

अर्ज तोंडी केला तरी कायद्याने चालतो, पण ईमेल करा. विषयात ‘रीझनेबल अकोमोडेशन रिक्वेस्ट’ हे शब्द असू द्या. मजकूर चार ओळींचा: मी अमुक युनिटचा भाडेकरू, मला दिव्यांगत्व आहे, त्यासाठी सहायक प्राणी ठेवण्याची सवलत फेअर हाउसिंग कायद्याखाली मागत आहे, पत्र जोडलं आहे, दहा दिवसांत उत्तर मिळावं. यापुढे आजाराची कहाणी लिहू नका. दयेसाठी लिहिलेला तिसरा परिच्छेद पुढच्या प्रश्नांना निमंत्रण देतो. लसीकरणाचा दाखला आणि गावाचं श्वान-लायसन्स सोबत जोडलं तर काम लवकर होतं. लस आणि लायसन्सचे स्थानिक नियम ईएसएलाही लागू असतात.

मोठ्या अपार्टमेंट कंपन्या हे काम बाहेरच्या पडताळणी पोर्टलवर सोपवतात आणि तिथे लांबलचक फॉर्म असतो. थेरपिस्टची सही, परवाना, गरज हे विचारणं ठीक. निदान काय, औषधं कोणती, मेडिकल रेकॉर्ड द्या, हे विचारणं ठीक नाही. ‘आमच्याच फॉर्मवर लिहून आणा’ असा हट्टही धरता येत नाही, मात्र त्यातली योग्य माहिती पत्रात नसेल तर थेरपिस्टकडून ती भरून घेणं शहाणपणाचं.

वेळ फार महत्त्वाची. सवलत मंजूर झाल्यावर प्राणी घरात आणावा. आधी लपवून ठेवायचा, शेजाऱ्याने तक्रार केली की पत्र काढायचं, हा क्रम कायद्याने बाद होत नाही, पण पत्राच्या तारखेकडे पाहून कुणालाही शंका येते. घर बघायला जाताना, अर्जाच्या आधीच सांगावं का? सांगण्याचं बंधन नाही. अर्ज मंजूर झाल्यावर आणि लीजवर सही करण्याच्या सुमारास मागणी करणं बहुतेकांना सोयीचं पडतं.

नकार काही कारणांनीच देता येतो: हा विशिष्ट प्राणी इतरांच्या सुरक्षिततेला थेट धोका आहे, मोठं नुकसान करेल असा पुरावा आहे, किंवा सवलतीमुळे घरमालकावर अवाजवी आर्थिक-प्रशासकीय भार पडतो. ‘या जातीचे कुत्रे चावतात’ हा पुरावा नव्हे. ‘या कुत्र्याने गेल्या वर्षी दोघांना चावलं’ हा आहे. नकार आला तर तो लेखी कारणासह मागा. चर्चेने सुटलं नाही तर हडकडे एका वर्षाच्या आत तक्रार करता येते, कोर्टात दोन वर्षांच्या आत जाता येतं. कॅलिफोर्नियात सिव्हिल राइट्स डिपार्टमेंट आणि न्यू जर्सीत डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्स ही राज्यांची दारं आहेत, आणि तीही विनाशुल्क आहेत.

आणि एक अपवाद, जो न्यू जर्सीतल्या एडिसन-जर्सी सिटीत भाड्याने राहणाऱ्यांना नेमका लागतो. चार किंवा कमी घरांच्या इमारतीत मालक स्वतः राहत असेल तर केंद्राचा कायदा त्याला बहुतांशी लागू होत नाही. म्हणजे देशी मालकाच्या घराचं तळघर किंवा वरचा मजला घेतला असेल, तर पत्र असूनही तो ‘नको’ म्हणू शकतो. राज्याचा कायदा कधी याहून कडक असतो, तो पाहावा. पण एकाच छताखाली राहायचं असेल तर आधी बोलून मन वळवणंच शहाणपणाचं.

विद्यार्थ्यांसाठी: वसतिगृहालाही हाच कायदा लागतो. नेब्रास्का विद्यापीठाच्या कर्नी शाखेच्या खटल्यात २०१३ मध्ये संघीय न्यायालयाने विद्यार्थी-निवास हे कायद्याच्या अर्थाने ‘राहतं घर’च आहे असा निकाल दिला. अर्ज डिसअ‍ॅबिलिटी सर्व्हिसेस ऑफिसकडे करायचा, बहुतेक ठिकाणी सेमिस्टरच्या काही महिने आधी. प्राणी फक्त खोलीत. वर्गात, लायब्ररीत, मेसमध्ये नाही. रूममेटला अ‍ॅलर्जी असेल तर विद्यापीठ दोघांपैकी एकाची खोली बदलतं.

भारतातून प्राणी आणताना, आणि भारतात राहताना

पुण्यातला कुत्रा सोबत नेताना ईएसए लेटर कस्टमसाठी बिनकामाचं आहे. अमेरिकेच्या सीडीसीचे, म्हणजे रोगनियंत्रण संस्थेचे, १ ऑगस्ट २०२४ पासूनचे नियम सगळ्याच कुत्र्यांना लागू आहेत, आणि भारत रेबीजच्या जास्त धोक्याच्या यादीत आहे. कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा. मायक्रोचिप आधी, रेबीजची लस नंतर. हा क्रम चुकला तर लस पुन्हा द्यावी लागते. लस भारतात दिलेली असेल तर रक्ताची टायटर चाचणी (लसीने आलेली प्रतिकारशक्ती मोजणारी) सीडीसीमान्य प्रयोगशाळेत होते: पहिल्या लसीनंतर किमान ३० दिवसांनी आणि प्रवेशाच्या किमान २८ दिवस आधी नमुना घेतलेला हवा. टायटर नसेल तर तिकडे २८ दिवस क्वारंटाइन, स्वखर्चाने. उतरता येतं तेही प्राण्यांच्या तपासणी-क्वारंटाइन केंद्राची सोय असलेल्या मोजक्याच विमानतळांवर, आणि केंद्रातली जागा आधी आरक्षित करून. तिकीट काढण्याआधी चार महिने हाताशी ठेवा. मांजरीला हे सीडीसीचे नियम लागू नाहीत.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात ईएसए नावाचा कायदेशीर प्रकारच नाही, त्यामुळे इथल्या थेरपिस्टचं असं पत्र सोसायटीपुढे ठेवून काही साधत नाही. त्याची गरजही पडू नये: भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायला मज्जाव करता येत नाही. भाडेकरूची अडचण वेगळी. घरमालकाने लीव्ह अँड लायसन्स करारात ‘प्राणी नको’ असं कलम घातलं असेल तर ते सही करण्यापूर्वीच काढून घ्यावं लागतं.